खोलीतली माणसे : दोन

खोलीत तीन माणसं होती, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा तिनाचा दोन झाला.

तिला आधी वाटलं, खटपट्या बाहेर गेला. खटपट्या म्हणजे तिचा प्रोग्रामर. गेली चार वर्षं तिच्या डोक्यातली चित्रं यंत्राला समजावून सांगणारा, आणि स्क्रू दिसला की पिळल्याशिवाय चैन न पडणारा. पण खटपट्या शिडीवर होता, छताला टांगलेल्या प्रोजेक्टरच्या तोंडासमोर हात धरून काहीतरी पुटपुटत होता, आणि भिंतीवर त्याचा पांढऱ्या ठिपक्यांचा आकारही शिडीवरच होता. ती स्वतः होती. ती लॅपटॉपवर वाकली होती तर तिचे ठिपकेही वाकले होते. मग राहिलं कोण. खोलीच्या मधोमध लोखंडी स्टुलावर नाना बसले होते. तिचे वडील. "परवा उद्घाटनाच्या गर्दीत मला काही दिसायचं नाही, आजच बघून जातो," म्हणत सकाळी आले होते आणि गुडघ्यांना उभं राहणं सोसत नाही म्हणून तिनेच त्यांना स्टूल ओढून दिलं होतं. भिंतीवर ते नीट उमटले होते. उतरते खांदे, मांडीवर उपडे ठेवलेले हात, जरा पुढे आलेली मान. आता तिथे खांदे नव्हते. हातांच्या जागी दहाबारा ठिपके उरले होते, शाळा सुटल्यावर मैदानात उगाच रेंगाळणाऱ्या पोरांसारखे. मग तेही घरी गेले.

खोलीतली माणसे : २

"नाना, जरा हलता का?"

"हलू?" नाना म्हणाले, कुणी भलतंच मागावं तसे. मग त्यांनी डोकं खाजवलं. भिंतीवर एक हात आला. एकटाच, कोपरापासून पुढचा. आला, नसलेलं डोकं त्याने खाजवलं आणि विरून गेला.

"मी गेलो वाटतं," नाना म्हणाले. त्यांना त्यात गंमत वाटत होती.

"मुरले," खटपट्या शिडीवरून म्हणाला. "काका मुरले."

मुरणं हा त्या दोघांचा शब्द. यंत्राला माणूस कळत नाही, त्याला फक्त रिकामी खोली कळते. रिकाम्या खोलीचं एक चित्र ते मनात धरून बसतं, समोरचं दृश्य त्याच्याशी ताडून बघतं, आणि जे जास्तीचं दिसेल ते माणूस. एवढंच त्याचं शहाणपण. पण खोली तरी कुठे एकसारखी राहते. खिडकीतलं ऊन सरकतं, कुणी खुर्ची ओढतं, कुणी पिशवी टेकवतं, आणि यंत्र त्या पिशवीलाही माणूस समजून तिच्याभोवती ठिपके नाचवायला लागतं. म्हणून त्याला शिकवावं लागतं की बाबा रे, जे बराच वेळ हललं नाही ते खोलीचंच धर. खुर्ची मुरली. पिशवी मुरली. मुरायला किती वेळ द्यायचा तो आकडा तिनेच दोन वर्षांपूर्वी ठरवला होता. चाळीस सेकंद. विचार करून ठरवला होता, कारण चाळीस सेकंद कोणी गप्प राहत नाही. उभा माणूस डुलतो, बसलेला मांडी बदलतो, निदान नाक तरी पुसतो. दोन वर्षांत चाचणीसाठी त्यांनी नाचणाऱ्या मुली आणल्या, एका शाळेचा अख्खा वर्ग आणला, सायकलवाला आणला, एकदा खटपट्याच्या शेजाऱ्यांचा कुत्रा आणला. न हलणारं कुणी आणलं नाही. सुचलंच नाही. आणि न हलणारा माणूस असतो हे जगात दुसऱ्या कुणाला नाही सुचलं तर समजू शकतं, पण

पण तिला.

एकोणीस वर्षं न हलणं हीच नानांची नोकरी होती. छापखाना बंद पडला तेव्हा ते बांधणी खात्यात होते. पुढे सहा महिने घरात नुसते येरझाऱ्या घालत होते, आणि एक दिवस कुणीतरी सांगितलं की कला महाविद्यालयात व्यक्तिचित्रणाच्या वर्गासमोर बसायला माणूस हवाय. नानांचं डोकं चांगलं होतं. म्हणजे आकाराने; गालफडं वर आलेली, कपाळ रुंद, नाकाला मधे एक गाठ. तिथले सर म्हणत, या माणसाच्या तोंडावर उजेडाला काम मिळतं. तर नाना बसायला लागले. वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं सुट्टी, दिवसाला आठ बैठका. घरी ते तिला युक्त्या सांगत, लहान होती तेव्हा, दुसऱ्यांचे बाप जशा पतंगाच्या सांगतात तशा. नजर भिंतीवरच्या एका ठिकाणी खिळवायची, पण बघायचं नाही. श्वास पोटातून घ्यायचा, छातीतून घेतला की खांदे चुगली करतात. माशी बसली तर तिला बसू द्यायची, तिलाही काम असतं. आईला हसू यायचं. "बढती कधी मिळणार?" ती विचारायची. "आमच्यात बढती नसते," नाना म्हणायचे. "आमच्यात उठला तो संपला."

मग ती त्याच महाविद्यालयात शिकायला गेली. परीक्षा देऊन, पहिल्या दहात येऊन. दुसऱ्या वर्षी व्यक्तिचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी लाकडी चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीवर नाना, तोंड खिडकीकडे. तिची चित्रफळी त्यांच्यापासून सहा फुटांवर लागली होती. नानांनी सकाळी घरातून निघताना काहीच सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. एकाच बसने आले असते, पण ती मुद्दाम आधीच्या बसने आली होती. शेजारची मुलगी कोळसा तासत म्हणाली, "हे आजोबा काय भारी बसतात गं. कोण आहेत?" आणि ती म्हणाली, "कोण जाणे." हळू नाही म्हणाली. सहा फुटांवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, जसं कुणी खुर्चीविषयी बोलेल. नाना हलले नाहीत. हलणं शक्यच नव्हतं, बैठक चालू होती. त्यांनी ऐकलं की नाही हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि मग जाणून घ्यायचं राहूनच गेलं. घरी गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं की डबा खाल्लास का. पुढल्या वर्षी तिने तळघरातल्या संगणकाच्या विभागात नाव घातलं. सगळ्यांना सांगितलं की भविष्य तिथे आहे. खोटं नव्हतं ते. पण त्या तळघरात कुणाला समोर बसवावं लागत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

खोलीतली माणसे : २

"सोपंय," खटपट्या खाली उतरून कीबोर्डवर आला. "चाळिसाचे चारशे करतो."

"आणि चारशेएकाव्या सेकंदाला?"

"इतका वेळ कोण बसतंय?"

तिने नानांकडे बोट दाखवलं.

"मी वीस मिनिटं बसतो," नाना म्हणाले. "मग पाच मिनिटं सुट्टी लागते. चहा असला तर सात."

"काका, तुम्ही अपवाद. बाकीचं जग हलतं."

खरं म्हणजे खटपट्याचं बरोबर होतं. परवा, शनिवारी, संध्याकाळी सहाला उद्घाटन होतं. काम उत्तम चालत होतं. आत येणारा माणूस हात हलवायचा, भिंत हलवायची, माणूस हसायचा. कलाकेंद्राच्या बाईंनी, ज्यांनी हे काम मागवलं होतं आणि आवडलं तर या खोलीत कायमचं ठेवण्याचा शब्द दिला होता, त्यांनी निमंत्रणपत्रिकेवर छापलंसुद्धा होतं, 'भिंत तुमच्यासोबत नाचेल'. सहा वर्षं अर्धवेळ शिकवण्या करत, लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंना झगमगाट लावून देत ती या एका खोलीपर्यंत आली होती. एका म्हाताऱ्याला ती भिंत ओळखत नाही, एवढ्यावरून ते मोडायचं? बरं, म्हातारा स्वतः काही म्हणतोय का? नाही. पण तिला सारखं ते दिसत होतं, ठिपके खांद्यांवरून आधी गेले मग हातांवरून, आणि तो चाळीसचा आकडा तिने स्वतःच्या बोटांनी घातलेला. दोन वर्षांपूर्वी घातला असं ती म्हणत होती. त्याच्याही आधी घातला होता.

नाना स्टुलावरून उठून भिंतीपाशी गेले. चालताना उमटले, सगळे, डोक्यापासून पायापर्यंत, एक पाय जरा ओढणारे. "हे चांगलंय," ते म्हणाले. "पण हा मी नाही. हा नुसता जाणारा माणूस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटं पोरं जे काढायची ते सर पुसायला लावायचे. म्हणायचे, अजून तो आलेला नाही. मी तर समोर असायचो. पण तो म्हणजे, कसं सांगू, माणूस आधी नुसता खुर्चीवर असतो. मग हळूहळू त्याच्यात बसतो. बसला की मग काढायचा." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "तुझं यंत्र नेमका तो यायच्या वेळेला त्याला घालवतंय. बाकी झकास आहे."

ती उभी होती ती बसली, जमिनीवरच, केबलींच्या गुंत्यात. खटपट्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला, कारण चार वर्षांत ती अशी तीनदा बसली होती आणि तिन्ही वेळा त्याचे पुढचे दोन दिवस कामातून गेले होते.

"उलटं करायचं," ती म्हणाली.

"नाही."

"जो हलतो तो दिसणार नाही. जो मुरला तोच दाखवायचा. यंत्राकडे पहिली रिकामी खोली आहे, मुरलेली खोली आहे. दोन्हींतला फरक काढ. तेवढंच."

"तेवढंच," खटपट्या म्हणाला. "परवा दोनशे लोक येणार, फिरणार, आणि भिंत कोरी. आणि कुणी पिशवी विसरून गेलं तर? पिशवीचं चित्र येईल."

"येऊ दे," नाना म्हणाले. "पिशवी चांगली बसते."

दुपारभर खटपट्या कोड लिहीत होता आणि शिव्या देत होता, पैकी निम्म्या यंत्राला. किती वेळात माणूस यावा यावर घासाघीस झाली. नाना दहा मिनिटांवर अडून होते, खटपट्या एकावर. शेवटी चारवर सौदा पटला. "चार मिनिटांत काय बसतो माणूस," नाना कुरकुरले, पण चाचणीला तेच बसले. खिडकीकडे तोंड करून. ती लॅपटॉपमागे. खटपट्या चहा आणायला गेला होता. भिंत कोरी होती आणि खोलीत फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज होता. तिला एकदम त्या वर्गातला वास आला, कोळशाचा आणि ओल्या लाकडाचा, जो या खोलीत येण्याचं काही कारण नव्हतं. एक मिनिट. नानांचे डोळे खिडकीच्या कडीवर. कसं विचारायचं. समोरासमोर तिने आयुष्यात विचारलं नसतं, पण आता ते मान वळवू शकत नव्हते, आणि हे तिला एकाच वेळी सोयीचं आणि लाजिरवाणं वाटत होतं.

"नाना. बसलेल्या माणसाला ऐकू येतं का?"

"सगळं." ओठ न हलवता बोलायची त्यांची जुनी सवय. "दुसरं काय काम असतं. भांडणं ऐकली, प्रेमं जमताना ऐकली. एकदा तर सर बाहेर गेल्यावर सरांची नक्कल ऐकली, हसू दाबता दाबता बरगडी दुखली."

दोन मिनिटं. भिंतीवर काहीच नव्हतं.

"मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. पहिल्या दिवशी. एका मुलीने मला विचारलं होतं."

नानांचा श्वास पोटातून. तिला वाटलं, आता हे बोलणार नाहीत, बैठक संपेपर्यंत तर नाहीच.

"कोण जाणे म्हणालीस," नाना म्हणाले.

पंख्याचा आवाज. भिंतीवर, जिथे कपाळ यायला हवं होतं तिथे, पाचसहा ठिपके येऊन थबकले.

"तेव्हा सुट्टीला चार मिनिटं बाकी होती. मोठी चार मिनिटं होती ती, खोटं कशाला बोलू." मग म्हणाले, "पण एक सांगू? तुझ्या मामाला मी एकोणीस वर्षं काय सांगत होतो? कॉलेजात आहे. एवढंच. त्याने गावभर केलं, मेहुणे प्रोफेसर आहेत. लोक मला पोरांच्या अडमिशनचं विचारायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. मग मी तुला कुठल्या तोंडाने बोलणार होतो. म्हटलं, बापावर गेलीय."

तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. तिने डोळे पुसले नाहीत. पुसायला तिला बंदी नव्हती, ती काही बैठकीत नव्हती, पण पुसले नाहीत.

"मी डबा खाल्ला नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली.

"माहितेय. मीच धुतला ना."

भिंतीवर ते येत होते. नाचणाऱ्या आकारांसारखे झपकन नाही, ओलाव्यासारखे, आतून. आधी कपाळ, मग नाकाची गाठ. गालफडं. उतरते खांदे आले. हातांना वेळ लागला, कारण हात अगदी थोडे थरथरत होते आणि यंत्र त्यांच्यापाशी अडखळत होतं; बोटं शेवटपर्यंत धूसरच राहिली, आणि ती धूसर बोटं तिला सगळ्यात खरी वाटली. खटपट्या तीन चहा घेऊन दारात येऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याने आत पाऊल टाकायचं थांबवलं.

खोलीतली माणसे : १

"हा बरोबर आहे," ती म्हणाली. "हा आकडा असाच ठेव."

संध्याकाळी कलाकेंद्राच्या बाई आल्या. त्यांनी खोलीत हात हलवला, मग दुसरा हलवला, मग छत्री फिरवली. भिंत कोरी.

"पत्रिकेत काय छापलंय आठवतंय ना?"

"नाचेल असं छापलंय," ती म्हणाली. "आता ती थांबते. बसलं की येतो माणूस."

"बसतंय कोण? अगं, माझं निम्मं आयुष्य या खोल्यांत गेलं. एका चित्रासमोर लोक किती थांबतात सांगू? जांभई पुरी होईपर्यंत." त्यांनी स्टुलावर बसून बघितलं, दीड मिनिटात फोन वाजला, उठल्या. मग पर्स चाचपत म्हणाल्या, "शनिवारची संध्याकाळ तुझी. रविवारी सकाळी दहाला मी येते. लोकांना काही मिळालं नसलं तर जुनं लावायचं. नाचणारं. आणि मग कुरकुर नको."

खटपट्याने जुनं काम पेन ड्राइव्हवर घेतलं आणि खिशात टाकलं. तिला न विचारता. तिनेही न बघितल्यासारखं केलं.

शनिवारी दोनशे लोक आले आणि भिंत कोरी राहिली. सहा वाजून पाच. सहा वाजून बारा. लोक आत यायचे, हात हलवायचे, एकमेकांकडे बघायचे. "बंद आहे वाटतं." स्टूल काढून तिथे लांब बाक ठेवला होता, त्यावर लोकांनी सरबताचे पेले ठेवले, आणि एकीने पिशवी. चार मिनिटांनी भिंतीवर ती पिशवी आली, बंदांसकट, सुरेख. खटपट्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता आणि त्याचा एक हात खिशात होता. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दारापर्यंत, परत लॅपटॉपपाशी. एका गृहस्थाला ती सांगायला गेली की बसून बघा ना, ते म्हणाले, नको, गाडी रस्त्यात लावलीय. बाई दारात उभ्या राहून पाहुण्यांशी हसत होत्या, नको तितक्या. आणि नाना. नवा शर्ट घालून नाना पेला हातात घेऊन खोलीभर फिरत होते, गुडघे दुखत असून. ती त्यांना गाठून म्हणाली, "नाना, तुम्ही बसा ना जरा. लोकांना कळेल तरी." तर म्हणाले, "छे. आज मी बघायला आलोय," आणि पुढे गेले.

सहा वाजून वीसच्या सुमाराला एक जाडसे गृहस्थ बाकावर येऊन टेकले. बायकोने आणलेले होते, हे कुणालाही कळलं असतं. त्यांनी पिशवी बाजूला सरकवली, हात पोटावर घेतले, दोनदा मान सावरली, आणि झोपले. कुणाचं लक्ष नव्हतं. तिचंही नव्हतं, ती दाराकडे होती, आणि पाठीमागे खोलीतला आवाज खाली बसल्यासारखा झाला म्हणून वळली. भिंतीवर बारा फूट उंचीचा एक माणूस झोपला होता. मान कलती, तोंड किंचित उघडं, आणि पोटाच्या जागी ठिपके श्वासाबरोबर उगवत होते, मावळत होते. कुणी हात हलवत नव्हतं. त्या गृहस्थांची बायको पुढे आली, खाली झोपलेल्या नवऱ्याकडे नाही, भिंतीकडे बघत. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "हे आमचे." मग कुणीतरी विचारल्यासारखी बाजूच्यांना म्हणाली, "घरी रोज असेच झोपतात. पण बघितलं कुठं कधी." आणि ती अलगद, बाक हलू नये अशी, त्यांच्या शेजारी बसली. पर्स मांडीवर घेतली. आणि थांबली.

तिला थांबता येत नव्हतं खरं. तीन वेळा पदर सावरला, तीन वेळा भिंतीवरचे तिचे ठिपके उधळले. लोक आता उभे राहून वाट बघत होते, तिच्या बाजूने. कुणी तरी "शू" केलं. एक तरुण जोडपं खाली फरशीवर बसलं, मग त्यांच्यामागे बाकीचेही. मागून एक आजोबा काठी टेकत आले आणि बाकाच्या टोकाला बसले. गाडी रस्त्यात लावलेले गृहस्थ परत आले होते. शेवटी ती बायकोही भिंतीवर आली, नवऱ्याच्या खांद्याइतकीच उंच, आणि त्याच्या शेजारी ती अशी दिसत होती की कुणाला फोटोतसुद्धा पकडता आली नसती, कारण फोटोला एक क्षण पुरतो आणि यांनी चार मिनिटं दिली होती. खटपट्याचा खिशातला हात बाहेर आला. कलाकेंद्राच्या बाई दारातून आत आल्या, कुणाशीही न हसता, आणि बसायला जागा शोधू लागल्या.

ती अजून उभीच होती. तिचे पाय अजून त्या येरझाऱ्यांतच होते. लॅपटॉप बघून यावा, तो डावा प्रोजेक्टर तापलाय का बघावं, दार लोटून घ्यावं. एवढ्या सगळ्या खोलीत उभी ती आणि नाना. नाना फिरत फिरत तिच्यापाशी आले, रिकामा पेला त्यांनी खिडकीत ठेवला आणि फरशीवरच्या एका मोकळ्या जागेकडे मानेने खूण केली.

"मला नाही जमायचं, नाना."

"बस तर."

ती बसली. मांडी घातली, ती बदलली, हात कुठे ठेवायचे कळेना. नानांनी गुडघ्यावर हात देत, कण्हत, वाकून दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि केसभर डावीकडे वळवली, जशी त्यांची एकोणीस वर्षं कुणी कुणी वळवली असेल.

"तिथं बघ, दाराच्या बिजागरीवर. बघायचं नाही, नुसती नजर ठेवायची. खांदे सोड."

"किती वेळ?"

"ते तू नको बघूस," नाना म्हणाले. "तू बस. उठायचं मी सांगतो."